आखूड नळी आणि तिची गोळी



रत्नागिरी जिल्ह्यात बंदूक ही काही नवलाची वस्तू नव्हे. भाताला लोंबी धरली की डोंगरउतारावरून रानडुकरांचे कळप शेतात उतरू लागतात आणि भिंतीला टांगलेली ठासणीची बंदूक खाली काढली जाते. नळीत दारू ओतावयाची, ती गजाने ठासावयाची, वर छर्रे, आणि शेवटी घोड्याखाली केप बसवावयाची, हा सारा विधी खेड्यातील पोरासोरांनाही मुखोद्गत असतो. परंतु मुठीत मावणारे व खिशात लपणारे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर त्याच गावात शोधू गेल्यास बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागेल. एका शस्त्राला घरात जागा मिळाली आणि दुसऱ्याला ती मिळू नये, याचे कारण शेतकऱ्याच्या गरजेत जेवढे आहे तेवढेच कायद्याच्या पुस्तकात आहे. आणि त्या छोट्या रिव्हॉल्व्हरात आत्मरक्षणासाठी कोणती गोळी घालावी, हा जो वरवर पाहता केवळ कारागिराचा प्रश्न वाटतो, त्याचेही उत्तर आपल्या देशात मालकाने क्वचितच दिले आहे. ते कोणी आणि कसे दिले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आत्मरक्षणाचा हक्क आपल्याकडे प्रथम लेखणीने आला. मेकॉले याच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा तयार केला, तेव्हा या देशातील माणसे अन्याय मुकाट्याने सोसतात, त्यांच्या अंगी प्रतिकाराची वृत्ती जागी व्हावी, असा हेतू मसुद्याच्या टिपणात स्पष्टपणे नमूद केला होता. १८६० साली ती संहिता कायदा झाली आणि रात्री घरफोडी करणाऱ्यावर प्रसंगी प्राणघातक प्रतिकारही करता येईल, अशी मुभा तिने गृहस्थाला दिली. पुढे अवघ्या अठरा वर्षांनी, लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत, १८७८ चा हत्यारांचा कायदा आला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. देशी वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदाही त्याच वर्षीचा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हक्क एका हाताने दिला आणि त्याचे साधन दुसऱ्या हाताने काढून घेतले. त्यातही युरोपियनांना परवान्याची अट नव्हती. ती आपल्यालाच होती. मने दुखावली ती या भेदाने. १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनापासून राष्ट्रसभा या कायद्याविरुद्ध ठराव करू लागली, आणि १९३१ साली कराचीस मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट होता.

स्वराज्य आल्यावर तोच हक्क राज्यघटनेत घालावा, अशी सूचना डिसेंबर १९४८ मध्ये श्री. हरि विष्णु कामथ यांनी घटनासमितीत मांडली. तिला उत्तर देण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव याच रत्नागिरी जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांनी सांगितले की काँग्रेसची ती जुनी मागणी इंग्रजांनी केलेल्या भेदभावातून निघाली होती. तो भेद आता उरलेला नाही. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते मारक हत्यार विकत घ्यावे आणि राज्याने त्यास आडकाठी करू नये, अशा स्थितीत राज्य चालेल कसे, असाही त्यांचा प्रश्न होता. सूचना फेटाळली गेली. आज या घटनेकडे पाहता मला त्यांचे म्हणणे बरोबर वाटते, पण मागणी करणाऱ्यांच्या मनातील सलही खोटा नव्हता.

पुढे १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला. त्यातील एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी वीस इंचांपेक्षा आखूड नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना मागणाऱ्याला कायदा सौम्यपणे वागवतो. इतर शस्त्रांसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे येथे भीतीचे माप इंचात घेतले आहे. लांब नळी दिसते, म्हणून ती परवडते. आखूड नळी लपते, म्हणून तिच्याविषयी संशय.

आता गंमत अशी की राज्याला जिचे भय वाटते ती आखूड नळी गोळीच्या दृष्टीने मात्र दुबळी असते. दारू पेटली की तिचा वायू गोळीला नळीतून ढकलीत नेतो. नळी संपली की ढकलणे संपले. लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरातून सुटणारी गोळी दोन इंचांच्या नळीतून सोडली तर तिच्या वेगात सेकंदाला शंभरएक फुटांची तूट सहज येते. उरलेली दारू तोंडाशी जळून मोठा लोळ उठतो आणि रात्रीच्या अंधारात झाडणाऱ्याचेच डोळे दिपतात. शस्त्र हलके, त्यामुळे धक्का मोठा. मग दुसरी गोळी नेमकी लागणे कठीण. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ साली ‘ब्रिटिश बुलडॉग’ नावाचे खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर काढले. त्याच्या अडीच इंचांच्या नळीची भरपाई तिने जाड, जड शिशाच्या गोळीने केली होती. वेग देता येत नाही तर वजन द्या, असा तो सरळ हिशेब होता.

यापुढचा हिशेब मात्र सरळ राहिला नाही, आणि त्याची सुरुवात आपल्याच वायव्य सरहद्दीवर झाली. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत इंग्रज फौजेजवळ नवी, बारीक व्यासाची, निकेल-तांब्याच्या आवरणाची रायफलची गोळी होती. ती शरीरातून आरपार जाई, पण चालून येणारा पठाण थांबत नसे, अशी शिपायांची तक्रार होती. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचे आवरण काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. ती अंगात शिरताच पसरे. बंगालमधील एका गावाचे नाव अशा रीतीने जगाच्या कोशात गेले, आणि कोणत्या कीर्तीने! रिव्हॉल्व्हरही मागे राहिले नाही. १८९८ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हरासाठी तोंडाशी पोकळ असलेली गोळी सैन्यात दाखल झाली. तिचे टोपणनावच ‘माणूस थोपविणारी’ असे होते. पण २९ जुलै १८९९ रोजी हेग येथे प्रसरणशील गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविणारा जाहीरनामा निघाला. इंग्लंडने त्यास प्रथम विरोध केला आणि १९०७ साली मान्यता दिली; तथापि ती पोकळ गोळी १९०० मध्येच मागे घेण्यात आली. १९१२ साली चपट्या तोंडाची दुसरी एक गोळी काढली, तीही महायुद्धाच्या आरंभी परत घ्यावी लागली.

हा निषेध युद्धापुरता होता. कित्येक देशांतील पोलीस आज पोकळ टोकाचीच गोळी वापरतात, आणि त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे: जी गोळी पसरते ती शरीरातच थांबते, ती आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागत नाही. परंतु पसरण्यासाठी तिला वेग हवा, आणि आखूड नळीत नेमका तोच अपुरा. जाड कपड्यातून जाताना तिच्या तोंडात कापसाचा बोळा बसला तर ती साध्या भरीव गोळीसारखीच वागते. म्हणून दोन इंचांच्या नळीसाठी जाणकार पुष्कळदा सपाट तोंडाची, बेताच्या वेगाची शिशाची गोळी पसंत करतात. ती पसरली नाही तरी आपल्या पूर्ण व्यासाचे भोक पाडते, आणि तिचा धक्का हाताला सोसतो.

रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा भरवसा किती धरावा, याचे एक उदाहरण आपल्या पुण्यातच घडले. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ती छातीवर लागली; परंतु खिशातील पाकिटाच्या धातूच्या गुंडीवर अडली, आणि हॉटसन उभेच राहिले. एका गुंडीने जे केले ते पाहून रिव्हॉल्व्हरला दैवी अस्त्र मानणाऱ्यांनी थोडे थबकावे.

आपल्याकडच्या परवानाधारकाला ही सारी निवड करावयाची सवड कितीशी आहे? सरकारी फौजेत व पोलिसांत चालणाऱ्या व्यासाची काडतुसे प्रजेच्या हाती जाऊ नयेत, हे इंग्रजांचे धोरण होते. याच भयाने विसाव्या शतकाच्या आरंभी ०.४५० इंची रायफलींना हिंदुस्थानात बंदी झाली आणि विलायतेतील बंदूकवाल्यांना वाघाच्या शिकारीसाठी ०.४७० सारखे नवे व्यास शोधावे लागले! स्वतंत्र भारतानेही तो भेद ठेवला. ०.३८ व ०.४५५ ची रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित वर्गात गेली आणि सामान्य नागरिकाला उरले ०.३२. हे काडतूस १८९६ चे अमेरिकन. त्यात सुमारे ९८ ग्रेन वजनाची शिशाची गोळी. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर याच व्यासाचे, आणि २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून सुमारे १ लाख २२ हजार रुपयांना जे ‘निर्भीक’ बाजारात आले तेही याच व्यासाचे. किती काडतुसे घ्यावयाची ते परवान्यात लिहिलेले असते. कोणत्या टोकाची घ्यावयाची, ते दुकानदाराच्या कपाटात काय आहे त्यावर ठरते.

तरीही एक निवड मालकाच्या हाती उरतेच, ती म्हणजे गोळी कोठे जाऊन थांबेल याचा विचार करण्याची. कोकणातील घराच्या बाहेरच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, हातभर जाड. त्यांत रिव्हॉल्व्हरची गोळी रुतून बसेल. पण जुन्या घरात माजघर आणि पडवी यांमध्ये पुष्कळदा कुडाची किंवा फळ्यांची भिंत असते. ०.३२ ची दुबळी म्हणून हिणवलेली गोळीही कुडातून सहज पलीकडे जाते, आणि पलीकडे मुले निजलेली असतात. दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. पण आवश्यकतेहून अधिक इजा करू नये ही मर्यादा तिनेही कायम ठेवली आहे, आणि भिंतीपलीकडच्या निजलेल्या जिवाला लागलेल्या गोळीचा जाब कोणत्याही संहितेखाली द्यावाच लागतो.

दुसरा शत्रू पाऊस. चार महिने रत्नागिरीची हवा अशी ओली असते की कपाटातल्या चपलेवरही बुरशी येते. कातडी पट्ट्यात खोवून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा कळंक चढतो, कारण कातडे कमावण्याच्या द्रव्यांनी पितळ खाल्ले जाते; मग ते काडतूस चाकात अडकते. ओल केपेपर्यंत पोचली तर घोडा पडतो आणि नुसता टक् असा आवाज होतो. रिव्हॉल्व्हरचा गुण एवढाच की पुन्हा चाप ओढला की चाक फिरून पुढचे काडतूस समोर येते. म्हणून गोळीच्या टोकाचा खल करीत बसण्याआधी काडतुसे कातड्यातून काढून कोरड्या डब्यात ठेवावी, मृग लागण्यापूर्वी ती एकेक पुसून पाहावी, आणि ज्यांच्यावर कळंक दिसेल ती रीतसर जमा करून नवी घ्यावी. निवडणूक आली की एरवीही पुष्कळदा हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तेवढे दिवस भाताची राखण डबे बडवून आणि हाकारे घालूनच चालते.