चावडीची किल्ली कोणाच्या हातीं?

बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुड हें गांव घ्या, किंवा मराठवाड्यांतील दुसरें कोणतेंहि गांव घ्या. सार्वजनिक कामासाठीं चार भिंती व वर छप्पर उभें करणें तेथें एक वेळ साधतें. खरा प्रश्न त्यापुढें उभा राहतो. दार कोणीं उघडावें, झाडलोट कोणीं करावी, दिवाबत्तीचा खर्च कोणीं सोसावा, आणि ज्याच्या हातीं किल्ली त्यानें हिशेब कोणास द्यावा? ह्या प्रश्नाचीं तीन उत्तरें इतिहासानें देऊन पाहिलीं आहेत.

पहिलें उत्तर चावडीचें. पाटील, कुलकर्णी आणि महार ह्यांच्या वंशपरंपरागत सेवेवर ती चाले. निजामी मुलखांत पहिल्या दोघांस पटेल व पटवारी म्हणत. ह्या व्यवस्थेचा गुण असा कीं, जागा कधीं रिकामी पडत नसे. बापामागें लेक कामावर हजर. दोष मात्र मुळालाच होता. जो चावडी झाडी व सरकारी निरोप घेऊन गांवोगांव हिंडे, त्याला त्याच चावडीवर इतरांच्या बरोबरीनें बसण्याची मुभा नव्हती. मुंबई इलाख्यांतील अशा वतनी सेवेविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं १९२८ सालीं कायदेमंडळांत विधेयक मांडलें. चाकरी सरकारची आणि पोट मात्र बलुत्याच्या भाकरीवर, ही विसंगति त्यांनीं उघडी केली. मुंबई राज्यांत हीं कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ सालीं. म्हणजे मधें तीस वर्षें गेलीं.

दुसरें उत्तर स्वयंसेवेचें. निजामी राजवटींत ‘गश्ती निशाण ५३’ ह्या परिपत्रकानें सभा भरविण्यावर परवानगीचें बंधन घातलें होतें. सभेला बंदी, पण वर्तमानपत्र वाचावयास चौघे जमले तर त्यांस कोण काय म्हणणार? म्हणून परभणीचें गणेश वाचनालय किंवा औरंगाबादचें बळवंत वाचनालय ह्यांसारख्या संस्थांना केवळ पुस्तकांच्या कपाटाहून मोठें मोल आलें. अशा संस्थांचें बळ वर्गणींत आणि फुरसतीचा वेळ देणाऱ्या सुशिक्षितांच्या कळकळींत असे. परंतु कळकळ हुकुमानें निर्माण होत नाहीं, व ती वारसाहक्कानेंहि मिळत नाहीं. उत्साही माणूस गांव सोडून गेला कीं दाराला कुलूप लागतें. शिवाय ज्यास फुरसत आहे तोच सेवा करूं शकतो. मोलमजुरी करणाराच्या वांट्यास वाचकाची जागा आली तरी चालकाची येत नाहीं.

तिसरें उत्तर सरकारी नोकराचें. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजीं देशांत सामूहिक विकास योजना सुरू झाली. तींत शेती, आरोग्य, शिक्षण अशा सर्व खात्यांचा संदेश घरोघर पोंचविणारा एक पगारी ग्रामसेवक नेमण्यांत आला. त्याच्याकडे एकच नव्हे तर अनेक गांवें सोंपविलेलीं असत. पगाराची निश्चिति आली, परंतु नोकर वरच्या कचेरीकडे पाहूं लागला व गांव नोकराकडे. १९५७ सालीं बलवंतराय मेहता समितीनें दाखवून दिलें कीं, ही योजना लोकांचा स्वतःचा पुढाकार जागा करूं शकली नाहीं. सत्ता व जबाबदारी लोकनियुक्त संस्थांकडे दिल्यावांचून तो जागा होणार नाहीं. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला.

वाचनालयांच्या बाबतींत दोन प्रांतांनीं दोन वाटा धरल्या. मद्रासनें १९४८ च्या कायद्यानें घरपट्टीवर ग्रंथालयकर बसवून स्थानिक ग्रंथालय मंडळें स्थापन केलीं. महाराष्ट्रानें १९६७ च्या कायद्यानें असा कर टाळला; वाचनालय लोकांच्या संस्थेनें चालवावें व सरकारनें अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणें अनुदान द्यावें, असें ठरविलें. त्यामुळें लहान गांवींहि वाचनालयें निघूं शकलीं. मात्र तेथील सेवक ना सरकारचा नोकर, ना पुरत्या पगाराचा धनी. वेतनश्रेणीची त्याची मागणी पिढ्यान्पिढ्यांची आहे. लोकसेवेच्या नांवाखालीं एकाच्या पोटाला चिमटा बसावा, हा जुन्या बलुत्याचाच नवा अवतार होय.

तिन्ही उत्तरांचा मेळ घातला तर वाट दिसते. रोजचें काम, मग तें झाडूचें असो वा नोंदवहीचें, जातीला बांधलेलें नसावें आणि त्याचा ठरलेला पगार सार्वजनिक तिजोरींतून मिळावा. व्याख्यान, वाचन, भजन, खेळ हें स्वयंसेवकांचें क्षेत्र असावें. देखरेख ग्रामसभेची असावी, व हिशेब तिच्यापुढें उघड वाचला जावा. १९९३ पासून अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा दिल्या. तेव्हां समाजमंदिर उघडण्याची वेळ ठरवितांना शेतावरून परतणाऱ्या बाईचेंहि मत घेतलें गेलें पाहिजे.

दिंद्रुडसारख्या गांवीं अशा इमारतीची पारख तिच्या रंगावरून किंवा कोनशिलेवरील नांवांवरून होणार नाहीं. जो माणूस सकाळीं ती झाडतो, तोच संध्याकाळीं तेथील सतरंजीवर सर्वांबरोबर बसतो कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.