किर्लोस्कर ब्रदर्स: शिक्षण कशाचं आणि धंदा कुणाच्या नावावर?

बंगळुरूतल्या मराठी घरांत बारावीचा निकाल लागला की खल सुरू होतो: इंजिनिअरिंगला घालायचं की बीबीएला? आणि पोराच्या डोक्यात स्वतःचा धंदा असेल तर पुढचा प्रश्न येतोच, तो नोंदवायचा कसा? एकट्याच्या नावावर, भागीदारीत, की थेट प्रायव्हेट लिमिटेड? आज हे दोन्ही प्रश्न आपण एका घराण्याच्या इतिहासावर घासून पाहू. बेळगावात सायकली विकता विकता बंगळुरूजवळच्या बिडदीपर्यंत पोचलेलं घराणं, किर्लोस्कर.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातला. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की काही रंग आपल्याला ओळखूच येत नाहीत. चित्रकार होणं संपलं. मग ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, मास्तर झाले. हक्काची बढती नाकारली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती, व्यापाराची तर नाहीच.

बेळगावात सायकलींचं दुकान मात्र १८८८ सालापासूनच होतं आणि ते थोरले बंधू रामुअण्णा सांभाळत होते. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव पुन्हा एकदा नीट वाचा. धंदा कोणत्या स्वरूपाचा आहे हे पाटीवरच लिहिलंय: दोन भाऊ, एक गल्ला. एकाला यंत्राचं वेड, दुसऱ्याला व्यवहाराची जाण. आज आपण एकाच पोराकडून दोन्हींची अपेक्षा करतो आणि मग पदवीवरून घरात भांडतो!

भागीदारीचा धोका सगळ्यांना माहीत असतो. कर्ज फिटलं नाही तर धंद्याबरोबर राहतं घरही जातं. पण तिचा फायदा फारसा कुणी सांगत नाही. किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष चढतं. पहिले काही नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. ही दोन वर्षं थांबायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. बाहेरचे भागधारक असते तर? मला वाटतं, तो नांगर गोदामातच गंजला असता.

पुढे बेळगावातल्या जागेवरून उठावं लागलं. औंधच्या राजांनी जमीन आणि कर्ज दिलं, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता मामला सायकलींच्या दुकानाचा उरला नव्हता. ओतशाळा, भट्ट्या, पगारी माणसं, उधारीवर गेलेला माल. एवढा पैसा दोन भावांच्या गल्ल्यातून येत नाही, आणि एवढी जोखीम दोन घरांवर टाकणंही बरं नाही. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. म्हणजे धंदा सुरू झाल्यानंतर बत्तीस वर्षांनी! दुकानाची पाटी लागण्याआधी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापून घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

लिमिटेड कंपनी झाल्यावर पुढच्या पिढीला काय शिकवलं? लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९२६ मध्ये परतले ते मेकॅनिकल इंजिनिअर होऊन. हिशेब, विक्री, बँकांशी बोलणी हे सगळं ते कामावर शिकले. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. घरात व्यवहार जाणणारी माणसं आधीच होती, म्हणून हे जमलं. ज्याच्या घरी कुणीच रामुअण्णा नाही, त्यानं बीकॉमला नाक मुरडू नये.

आता म्हैसूर संस्थानात येऊ. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली, लेथ बनवायला. १९४६ मध्ये एकाच वर्षी दोन कंपन्या उभ्या राहिल्या: पुण्यात ऑइल इंजिनं, बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक. प्रत्येक मालाला वेगळी कंपनी का? उत्तर पुढे हरिहरलाच मिळालं. म्हैसूर किर्लोस्कर अखेर बंद पडली. कंपन्या वेगळ्या होत्या म्हणून बंगळुरूची किर्लोस्कर इलेक्ट्रिक तिच्याबरोबर बुडाली नाही. याची दुसरी बाजूही आहे. कंपनी बुडते तेव्हा कायदा भागधारकाचं घर वाचवतो, कामगाराची नोकरी वाचवत नाही.

१९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली आणि बिडदीला कारखाना आला. शंतनुरावांचे नातू विक्रम किर्लोस्कर, तेही एमआयटीचे मेकॅनिकल इंजिनिअर. टोयोटाचा वाटा ८९ टक्के आणि किर्लोस्करांचा ११. ज्याचं भांडवल आणि तंत्र मोठं, त्याच्या हाती सूत्रं. पण इथली जमीन, इथली माणसं आणि इथलं सरकार जाणणाऱ्याचं मोलही त्या ११ टक्क्यांत आहे.

याच बंगळुरूत उलट वाटेनं आलेलं उदाहरणही आहे. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात निघाली ती पहिल्या दिवसापासून प्रायव्हेट लिमिटेड, भांडवल १० हजार रुपये. कारण साधं आहे. ते सात सहकारी होते, एका घरातले नव्हते. कुणाचा किती हिस्सा, एखादा बाहेर पडला तर काय, हे कागदावरच हवं होतं. आणि एक जण पुढे खरंच बाहेर पडला.

आज पर्याय वाढलेत. २००८ च्या कायद्यानं एलएलपी आली, त्यात भागीदारी राहते आणि घरही सहसा वाचतं. २०१३ च्या कायद्यानं एकट्यालाही कंपनी काढता येते. फक्त एक लक्षात ठेवा. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा संचालकाची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केलीत की तेवढ्या कर्जापुरते तुम्ही पुन्हा १८८८ सालच्या बेळगावात. सही करण्याआधी तो कागद आईवडिलांसमोर बसून वाचा, कारण तारण बहुधा त्यांचंच घर असतं.