व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर

व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर हे अंतर्ज्वलन इंजिनातील झडपेची, म्हणजे व्हॉल्व्हची, स्प्रिंग दाबून धरण्याचे हातहत्यार आहे. स्प्रिंग, झडपेच्या दांड्यावरील ऑइल सील किंवा खुद्द झडप बदलायची असल्यास ते लागते. घरगुती दुरुस्तीत यांपैकी सील बदलण्याचे काम विशेष आढळते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून काही क्षण निळसर धूर येणे, हे सील झिजल्याचे नेहमीचे लक्षण होय. हे हत्यार अनेक प्रकारांत मिळते आणि एका इंजिनाला योग्य असलेला प्रकार दुसऱ्या इंजिनावर बसतोच असे नाही. त्यामुळे किमतीपेक्षा इंजिनाची रचना पाहून निवड करणे आवश्यक ठरते.

रचना आणि कार्य

स्प्रिंग झडपेला तिच्या बैठकीवर ओढून धरते. स्प्रिंगच्या वरच्या टोकावर रिटेनर नावाची चकती असते. तिच्या निमुळत्या छिद्रात कॉटरचे दोन अर्धगोल तुकडे पाचरीसारखे बसतात आणि दांड्यावरील खाचेत अडकतात. रिटेनर काही मिलिमीटर खाली दाबला की कॉटर मोकळे होतात. कॉम्प्रेसरचे काम एवढेच असते; मात्र हे दाबणे दांड्याच्या सरळ रेषेत व्हावे लागते आणि कॉटर काढण्यासाठी बाजूने जागा उरावी लागते.

स्प्रिंग बंद स्थितीतही ताणाखाली असते. शेव्हरोलेच्या १९५५ साली आलेल्या लहान व्ही-८ मालिकेतील साध्या इंजिनांत हा दाब सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलोग्रॅम भाराइतका असतो. झडप पूर्ण उघडल्यावर तो दुपटीहून अधिक होतो. शर्यतीच्या इंजिनांतील स्प्रिंगा याच्या कितीतरी पट कडक असतात. अर्धवट सुटलेला कॉटर किंवा घसरलेला रिटेनर डोळ्याला गंभीर इजा करू शकतो, म्हणून या कामात संरक्षक चष्मा आवश्यक मानला जातो.

हेड काढलेले असताना

हेड इंजिनावरून उतरवलेले असल्यास सी आकाराचा कॉम्प्रेसर सर्वांत सोयीचा असतो. त्याचे एक टोक ज्वलनकक्षाच्या बाजूने झडपेच्या तोंडावर टेकते आणि दुसऱ्या टोकावरील जबडा रिटेनर दाबतो. चौकटीची खोली हेडच्या रुंदीला पुरेशी आहे का, हे विकत घेण्यापूर्वी मोजावे लागते. स्वस्त हत्यारांची चौकट कडक स्प्रिंगवर वाकते; मग जबडा तिरका होऊन रिटेनर एका बाजूला सरकतो आणि दांड्यावर आडवा जोर येतो.

वरच्या कॅमशाफ्टच्या अनेक इंजिनांत स्प्रिंग टॅपेटच्या गोल विहिरीत खोलवर बसलेली असते. तेथे उघडा जबडा पोहोचत नाही. त्यासाठी बाजूला खिडकी असलेली नळीसारखी अडॅप्टर येतात. मोटारसायकल आणि लहान मोटारींसाठीच्या संचांत त्यांचे व्यास साधारणतः १६ ते ३० मिलिमीटर असतात. अडॅप्टर रिटेनरवर पूर्ण टेकले पाहिजे, पण विहिरीच्या भिंतीला घासता कामा नये. टॅपेट याच भिंतीवर सरकत असल्याने तेथील ओरखडा नव्या स्प्रिंगपेक्षा फार महाग पडतो. विहिरीला आतून प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीचे अस्तर लावणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

हेड इंजिनावर असताना

हेड न काढता काम करायचे असल्यास तरफेचा किंवा पुलासारखा आडवा दांडा असलेला कॉम्प्रेसर वापरतात. तरफ रॉकरच्या स्टडवर किंवा शाफ्टवर आधार घेते. पूल हेडच्या बोल्टांच्या छिद्रांत कसला जातो. स्प्रिंगचे वेढे दोन बाजूंनी पकडून स्क्रूने आवळणारा प्रकार स्वस्त असतो, परंतु त्याला स्प्रिंगभोवती मोकळी जागा लागते. विहिरीतील स्प्रिंगसाठी तो निरुपयोगी आहे.

येथे खरी अडचण झडपेची असते. कॉटर निघताच तिला वर धरणारे काही उरत नाही. ती सिलिंडरमध्ये पडली, तर वाचवलेले हेड उतरवण्याचे काम पुन्हा करावे लागते. यासाठी पिस्टन सर्वांत वरच्या स्थितीत आणून स्पार्क प्लगच्या छिद्रातून संपीडित हवा सोडतात. पिस्टन नेमका वर नसल्यास हवेने क्रँकशाफ्ट फिरतो आणि त्यावर विसरलेला पाना हाताला लागू शकतो. हवेचा पुरवठाही मध्येच तुटू नये लागतो. ज्यांच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर नाही, ते पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या छिद्रातून नायलॉनची दोरी आत भरतात, एक टोक बाहेर ठेवतात आणि क्रँकशाफ्ट हाताने फिरवून दोरीचा गठ्ठा झडपांवर दाबतात. ही जुनी युक्ती घरगुती कामासाठी अधिक भरवशाची म्हणावी लागेल.

अपवादात्मक रचना

बाजूला झडपा असलेल्या जुन्या इंजिनांत स्प्रिंगा ब्लॉकच्या कुशीतील कप्प्यात असतात. त्यांच्यासाठी दोन दुभंगी जबड्यांचा कॉम्प्रेसर असे. महिंद्राने भारतात बनवलेल्या सीजे-३बी जीपच्या हरिकेन इंजिनात आत घेणारी झडप हेडमध्ये आणि बाहेर सोडणारी ब्लॉकमध्ये असल्याने दोन्ही तऱ्हांची हत्यारे लागत. डुकाटीच्या डेस्मोड्रोमिक इंजिनांत झडप बंद करण्याचे मुख्य काम स्प्रिंग नव्हे, तर स्वतंत्र रॉकर करतो. तेथे हे हत्यार नेहमीच्या पद्धतीने लागू पडत नाही.

वापरातील काही बाबी

जुन्या इंजिनात कॉटर रिटेनरमध्ये घट्ट रुतलेले असतात. अशा वेळी कॉम्प्रेसरचा जोर वाढवत नेल्यास हत्यारच वाकते. त्याआधी रिटेनरवर योग्य मापाचा सॉकेट ठेवून हातोडीचा हलका ठोका दिला की पाचर सुटते. हेड इंजिनावर असताना मात्र झडपेला खालून आधार दिल्यानंतरच हे करता येते. कॉटर पडू नयेत म्हणून तेल परतीची छिद्रे आणि टायमिंग चेनची पोकळी आधीच चिंध्यांनी बंद करतात. जोडणीच्या वेळी कॉटर खाचेत ग्रीसने चिकटवून ठेवले जातात. कॉम्प्रेसर काढल्यावर आणि रॉकर बसवण्यापूर्वी दांड्याच्या टोकावर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने हलके ठोकून ते नीट बसल्याची खात्री करतात.