जोंगा

जोंगा हे बंगाली मिठाईचे नाव असावे, असा आमच्या हिचा बरेच दिवस समज होता. वास्तविक ती मोटार. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या मालगाडीएवढ्या नावातली अक्षरे वेचून तिचे बारसे झाले. मूळ जपानी निस्सान 'पॅट्रोल'. १९६९ ते १९९९ जबलपुरात लष्करासाठी बनली. पॅट्रोल म्हणजे गस्त. पण मराठी कानाला त्यात पेट्रोलच ऐकू येते, आणि तेच खरे. सहा सिलिंडर, ३,९५६ सीसीचे इंजिन! ते पेट्रोल पीत नाही, ढोसते. म्हणून लिलावातून जोंगा घेणारे पुष्कळ हौशी लोक आधी तिचे काळीज काढून डिझेलचे बसवतात.

नव्या थोरल्या गाड्यांचे भाव ऐकून घाम फुटला, तेव्हा जुनी बघायचे ठरले. शिवाय आमच्या नानांनी पलटणीत हीच गाडी चौदा वर्षे हाकलेली.

गॅरेजवाल्याने दाखवली ती लालभडक.

"मूळचा हिरवा रंग कुठाय?" मी दरडावले.

"साहेब, तो लष्कराशिवाय कुणाला चालत नाही. कायदा आहे."

खरेच आहे, १९८९ च्या मोटार वाहन नियमांतच तसे लिहिले आहे. मी पत्रा बोटाने दाबून पाहिला. बोट आत गेले. तसाच वळलो, तो नाना आत बसलेले! ऐंशीव्या वर्षी, कुणाचा हात न धरता. फोर-व्हीलचा दांडा मागेपुढे केला, किल्ली फिरवली, धडधड ऐकली.

"डिझेलचं बसवलंय मेल्यांनी."

मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता,

"भाव काय सांगतोय?"