आलू, बटाटा आणि पाण्याचा हिशेब

वणीच्या भाजीबाजारात एकाच ढिगाला दोन नावे ऐकू येतात. कोणी ‘आलू’ मागतो, कोणी ‘बटाटा’. शाळेच्या पुस्तकात बटाटा असतो आणि हॉटेलात आलूबोंडा. विदर्भात उत्तरेकडची हिंदी आणि पश्चिमेकडची मराठी यांची गाठ पडते, म्हणून ही दोन्ही नावे येथे सुखाने नांदतात. गंमत अशी की या दोन्ही नावांपैकी एकही मूळचे बटाट्याचे नाही.

‘आलु’ किंवा ‘आलुक’ हा संस्कृत शब्द बटाटा भारतात येण्याच्या कितीतरी शतके आधीचा आहे. खाण्याजोग्या कंदांना तो लावला जाई. मराठीतले ‘अळू’ त्याच कुळातले आणि ‘रताळे’ हे ‘रक्तालु’ या शब्दाचे रूप. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला. कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांच्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळे! म्हणजे रताळ्याचे नाव बटाट्याला मिळाले, आणि रताळे हेही अमेरिकेतून आलेले असून त्याला आपण आपल्या जुन्या कंदाचे नाव दिले. या घोटाळ्यामुळे इतिहासकारांची पंचाईत होते. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर जहांगीरच्या काळी भारतात राहिलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने मेजवानीतल्या ‘पोटॅटो’चा उल्लेख केला आहे. पण तो बटाटा होता, रताळे होते की एखादा देशी कंद, हे केवळ नावावरून ठरवता येत नाही.

नाव बळकावले ते बळकावलेच, पुढे बटाट्याने ताटातली जागाही घेतली. आता मधुमेहाच्या आणि वाढत्या वजनाच्या चिंतेने अनेक घरांत ‘बटाटा बंद’ असा हुकूम सुटतो, आणि त्याच्या जागी काय शिजवावे याचा शोध सुरू होतो. कोणी सुरण सुचवतो, कोणी रताळे, कोणी मुळा. या सल्ल्यांत खरे किती हे पाहायचे तर ‘उष्मांक’ हा आकडा कोठून आला आणि कशासाठी आला, हे आधी पाहावे लागेल.

भुकेसाठी आलेली पिके

वणी हे एकेकाळी जिल्ह्याचे नाव होते. इंग्रजी कागदपत्रांत ‘वून’ म्हणून येणारा हा जिल्हा १९०५ साली यवतमाळ झाला. काळ्या मातीत कापूस आणि ज्वारी, आणि डोंगराळ भागात जंगल, अशी येथली रचना. जंगलाच्या आश्रयाने राहणाऱ्या कोलाम आणि गोंड कुटुंबांना जमिनीखालचे कंद ठाऊक होते. पीक बुडाले तरी कंद मातीत सुरक्षित राहतो आणि हवा तेव्हा खणून काढता येतो. वेलीवर किंवा झाडावर दिसत नसलेले हे धान्याचे कोठारच म्हणायचे. काही रानकंद कडू आणि विषारी असतात. त्यांचे काप करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यातले अपायकारक द्रव्य काढून टाकण्याच्या रीती आदिवासी समाजांनी पिढ्यान्पिढ्या जपल्या. रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय केलेले हे रसायनशास्त्रच होते.

बटाट्याचा प्रसारही भुकेच्या पोटीच झाला. थोड्या जमिनीत, थोड्या महिन्यांत भरपूर अन्न देणारे पीक म्हणून युरोपने तो स्वीकारला. आयर्लंडमधील गरिबांनी तर सारी भिस्त त्याच्यावर, आणि त्यातही मुख्यतः एकाच वाणावर ठेवली. १८४५ मध्ये करपा रोग आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. आपल्याकडे त्रावणकोर संस्थानात १८८०च्या दशकात विशाखम तिरुनाळ महाराजांनी टॅपिओका या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा हाच कंद तेथे लोकांच्या उपयोगी पडला. त्याच युद्धकाळात तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या पिठापासून साबुदाणा बनवण्याचा उद्योग वाढीला लागला. आपल्या उपवासाच्या ताटातले साबुदाणा, बटाटा, रताळे आणि शेंगदाणे या चारही जिनसांच्या वनस्पती अमेरिकेतल्या आहेत. त्यांच्या शेजारी बसणारा सुरण मात्र आशियातला.

आकडा कसा जन्माला आला

किती अन्न पुरेसे, हा प्रश्न आपल्याकडे दुष्काळाने विचारला. १८७७ साली मुंबई आणि मद्रास इलाख्यांत दुष्काळी कामांवरच्या मजुरीचा दर सर रिचर्ड टेंपल याने असा उतरवला की माणसाला दिवसाला जेमतेम १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य मिळावे. आजच्या हिशेबाने हे साधारण १५५० उष्मांक होतात आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. पण वाद घालायला हातात माप नव्हते.

ते माप अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात तयार केले. एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने त्याने एक बंद खोली बांधली. त्यात माणूस कित्येक दिवस राही, खाई, झोपे, काम करी, आणि त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता काटेकोर मोजली जाई. अशा प्रयोगांतून एक सोपा नियम हाती आला: १ ग्रॅम प्रथिनांपासून ४, कर्बोदकांपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांपासून ९ उष्मांक. (आहारातला उष्मांक म्हणजे भौतिकशास्त्रातली एक किलोकॅलरी.)

भारतीय पदार्थांचे तक्ते तमिळनाडूतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत तयार झाले. डॉ. वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ साली ते प्रसिद्ध केले. पुढे ही प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था झाले. तेथून १९७१ मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी या तक्त्यांची सुधारित आवृत्ती काढली. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे एक सदस्य हेच एक्रॉइड होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे ज्या रकान्यात आज आपण ‘कमीत कमी’ आकडा शोधतो, तो रकाना ‘पुरेसा’ आकडा शोधण्यासाठी आखला गेला होता.

तक्ता वाचू या

आता गोपालन यांच्या तक्त्यातले काही आकडे पाहू. प्रत्येक आकडा १०० ग्रॅम कच्च्या, खाण्याजोग्या भागाचा आहे.

बटाटा: पाणी ७४.७ ग्रॅम, उष्मांक ९७
रताळे: पाणी ६८.५ ग्रॅम, उष्मांक १२०
अळूचा कंद: पाणी ७३.१ ग्रॅम, उष्मांक ९७
सुरण: पाणी ७८.७ ग्रॅम, उष्मांक ७९
गाजर: पाणी ८६.० ग्रॅम, उष्मांक ४८
सलगम: पाणी ९१.६ ग्रॅम, उष्मांक २९
पांढरा मुळा: पाणी ९४.४ ग्रॅम, उष्मांक १७

बटाट्याचा आकडा मुलांकडून पडताळून घ्यावा. त्यात कर्बोदके २२.६, प्रथिने १.६ आणि स्निग्ध पदार्थ ०.१ ग्रॅम. गुणाकार केला की ९७.७ येतात.

यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येईल. पाणी वाढत जाते तसा उष्मांक उतरत जातो. मग पाणी काढून टाकले तर? बटाट्याचा कोरडा भाग २५.३ ग्रॅम, म्हणजे कोरड्या ग्रॅममागे ३.८ उष्मांक. रताळ्याचेही ३.८ आणि सुरणाचे ३.७. मुळ्याचे सुमारे ३, कारण त्याच्या कोरड्या भागात तंतू आणि खनिजे यांचा वाटा मोठा असतो. या कंदमुळांमधला फरक बहुतांशी पाण्याचा आहे!

विदर्भातल्या शाळेत हा प्रयोग करायला यंत्र लागत नाही. बटाटा, सुरण आणि मुळा यांचे प्रत्येकी १०० ग्रॅम पातळ काप करावेत (सुरण चिरताना हाताला तेल लावावे) आणि उन्हाळ्याच्या उन्हात वाळवणासारखे पसरून ठेवावेत. रोज वजन करावे. वजन उतरायचे थांबले की बटाट्याचे साधारण पाव आणि मुळ्याचे फार तर दहावा हिस्सा वजन उरलेले दिसेल. आलेख काढला की वर्गाला पाण्याचा हिशेब कायमचा पटेल.

आकडा म्हणजे मात्र अंतिम सत्य नव्हे. जुन्या तक्त्यांत कर्बोदके वजाबाकीने काढत. शंभरातून पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू आणि खनिजे वजा करून जे उरेल ते कर्बोदक. २०१७ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने नवे तक्ते काढले, त्यांत बटाट्याचा आकडा जुन्यापेक्षा बराच खाली आला आहे. बटाटा तोच, आकडा मात्र बदलला.

मग चुलीवर काय ठेवावे?

बटाट्याऐवजी रताळे खाल्ले तर उष्मांक घटत नाहीत, उलट वाढतात. रताळ्याचे इतर गुण आहेत, पण ते वेगळे. सुरणाने बचत होते, पण थोडीच. उपवासाला बटाटा टाळून साबुदाण्याची खिचडी खाणे म्हणजे तर आगीतून फुफाट्यात जाणे, कारण १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५१ उष्मांक असतात. भिजल्यावर त्याचे वजन वाढते, तरी वाटीभर साबुदाणा आतून तोच राहतो.

खरी घट होते ती पाणीदार मुळांनी. रस्साभाजीतला अर्धा बटाटा काढून तेवढेच सलगम, मुळा किंवा गाजर घातले, तर भाजीचा आकार तोच राहतो, चवीला वेगळेपण येते आणि उष्मांक उतरतात. पण केवळ मुळ्यावर भागवले तर तासाभरात भूक लागेल आणि एक भाकर जास्त जाईल. त्याचाही हिशेब धरायला हवा.

सर्वांत मोठा आकडा कंदात नाहीच, कढईत आहे. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल सुमारे १२० उष्मांक देते. १०० ग्रॅम बटाट्याहून जास्त! तळताना कापातले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्याची जागा काही प्रमाणात तेल घेते. पाणी गेले आणि तेल आले, म्हणजे दोन्हीकडून आकडा चढला. सुरणाचे तळलेले काप हे उकडलेल्या बटाट्यापेक्षा हलके असतील, अशी समजूत म्हणूनच चुकीची ठरते. उकडून, वाफवून किंवा भाजून केलेला कोणताही कंद तळलेल्या कंदापेक्षा बरा. सुरण आणि अळूचे कंद मात्र चांगले शिजवावेत. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच घसा खाजतो. आपल्या घरांत हे कंद चिंचेबरोबर शिजवण्याची रीत आहे ती यासाठीच.

मधुमेह असलेल्यांनी किती आणि काय खावे हे डॉक्टरांनाच विचारावे. तेथे केवळ उष्मांक पाहून भागत नाही, पिष्ट किती वेगाने पचते हेही पाहावे लागते. आणि बटाट्याला गुन्हेगार ठरवण्याचेही कारण नाही. त्यात पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व आहे, तो स्वस्त आहे आणि वर्षभर मिळतो. ज्या घरात पोटभर जेवणाचीच भ्रांत आहे, तेथे ९७ हा आकडा दोष नसून आधार आहे. वर्गात ही दोन्ही प्रकारची घरे समोर बसलेली असतात, म्हणून ‘बटाटा वाईट’ असे सरसकट वाक्य शिक्षकाने फळ्यावर लिहू नये.

त्याऐवजी मुलांना एक काम द्यावे. आपापल्या घरातल्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ते खात आलेल्या कंदांची नावे मराठी, गोंडी, कोलामी अशा मिळतील त्या भाषांत लिहून आणावीत. कोणता कंद कोणत्या महिन्यात निघतो, कसा शिजवतात, कोणता आता मिळत नाही, हेही टिपावे. अनोळखी रानकंद मात्र कोणीही चाखून पाहू नये. तिरुवनंतपुरमला १९६३पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, पण वणी तालुक्यातल्या आजीच्या आठवणीतला कंद तिच्याबरोबर गेला, तर तो कोणत्याच तक्त्यात शोधता येणार नाही.