शनिवार तेल्यांच्या मुलांचा नाताळ
राहात्यासारख्या नगर जिल्ह्यातील कसब्यात, जेथे मिशनच्या कार्यामुळे नाताळ गावच्या सणांत मिसळून गेला, तेथे परधर्मीय बालकास त्याची ओढ वाटावी हे स्वाभाविकच. परंतु ही ओढ सर्वांत नाजूक ठरली असेल ती कुलाबा किनाऱ्यावरील, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायल तेल्यांच्या घरी. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत (हेच मिशन नगरला 1831 साली आले) ही यहुदी मुले फार पूर्वीपासून शिकत होती, आणि डिसेंबरच्या सुमारास येणारा हनुक्क्याचा दीपोत्सव तर त्यांच्या पूर्वजांना ठाऊकच नव्हता. घरी एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, ओले खोबरे व गूळ यांचा मलिदा होई, पण तो नवसाला वा मंगलकार्याला. शाळेत मात्र येशूची कथा नित्य कानी पडे. त्या बालमनाचा मोह मला मुळीच निंद्य वाटत नाही. धर्मांतर तर फारच थोड्यांनी केले. उलट स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकलेल्या जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत इस्रायली मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढली.