लाल बावटा कलापथक : शाहिरीच्या घाटातील एक स्थित्यंतर

मराठी शाहिरी वाङ्मयाचे विवेचन बहुधा पेशवाईच्या अखेरीपाशी थांबते. त्यानंतरचे सारे प्रचारगीत, असे मानण्याचा प्रघात आहे. हा निर्णय घाईचा वाटतो. शाहिरीत राजकारण विसाव्या शतकातच प्रथम शिरले, असेही नाही. रायगडावर राज्याभिषेक झालेल्या शिवाजी महाराजांना कुळवाड्यांचा राजा म्हणून उभे करणारा जोतीराव फुले यांचा पोवाडा १८६९ सालचा आहे.

१९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊ वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. परंतु त्यांच्यासमोर बसणाऱ्या गिरणी कामगारांत कोकण किनारपट्टीचा माणूस पुष्कळ होता. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, खोतीचा जाच या किनाऱ्याला ठाऊक होता. अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला होता. सावकार-जमीनदारांवरील उपहास अशा श्रोत्यास उलगडून सांगावा लागत नसे.

आरंभीच्या रचना रूढ साच्यातल्याच. अण्णा भाऊंच्या ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ (१९४३) या रचनेत विषय दूरदेशीचा, घाट मात्र परिचित वीरगाथेचाच आहे. पुढे घाटच बदलू लागला. तमाशाचा क्रम गण, गौळण, बतावणी, वग असा. अण्णा भाऊंनी गणातील गणेशवंदनाच्या जागी मातृभूमी व श्रमिक यांचे वंदन आणले आणि गौळण वगळली. (सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी ही वाट आधीच मळवली होती, हे विसरून चालणार नाही.) गौळणीबरोबर पेंद्या आणि मावशीही गेली; शृंगारिक थट्टेची जागा रिकामी झाली. तो सारा भार संवादावर पडला, आणि ‘अकलेची गोष्ट’सारख्या वगात खेडुताची चतुराई हेच रंजनाचे मुख्य साधन बनले. राजकीय गरजेने येथे कलेची कोंडी केली नाही, तिला नवी रचना शोधावयास लावले, असे आमचे मत आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर घातलेल्या बंदीनेही हा शोध थांबला नाही. ‘लोकनाट्य’ हे नाव त्याच सुमाराचे.

या प्रयोगशीलतेचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. पोटासाठी मुंबईस आलेला पुरुष आणि गावी मागे राहिलेली त्याची पत्नी, हा विरह किनाऱ्यावरील असंख्य घरांचा रोजचा अनुभव. त्याच विरहाच्या ओघात शाहीर सीमाभागाच्या वियोगापर्यंत येतो. लावणीचा भाव न मोडता तिचा अर्थ बदलतो. घोषणा वेगळी करावी लागत नाही.

१ मे १९६० रोजी राज्य झाले, बेळगाव बाहेरच राहिले. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी वारले आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख.